दुसरी पसंती

‘मॅडम, पहिली पसंती आमच्या माणसाला द्यावीच लागणार, पण दुसरी डोळे झाकून तुम्हाला.’

हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की पुढे पुढे कुणी ‘मॅडम, पहिली...’ एवढं म्हणालं की उरलेलं मीच पुरं करायची. त्यात वकील होते, एका पतसंस्थेचे अध्यक्ष होते, माझ्या हाताखाली पीएचडी झालेला एक मुलगा होता आणि माझा सख्खा भाचा होता. भाचा तर हे सांगून वर पाया पडला.

मी विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक लढवली आणि हरले, त्याची ही हकिगत. अधिसभेला सगळे सिनेटच म्हणतात, मीही तेच म्हणते. मी मूळची रसायनशास्त्राची. उमेदीची सगळी वर्षं एनएमआर नावाच्या यंत्रासमोर गेली. रेणूच्या आत कुठला अणू कुणाशेजारी बसलाय, हे ते यंत्र सांगतं. नोकरी एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाली. निवृत्त झाल्यावर, जिथून एमएस्सी केलं त्या विद्यापीठाच्या विभागात आठवड्यातून तीन दिवस जायला लागले. मानद. मानद म्हणजे बसायला खुर्ची, प्यायला चहा आणि कुठल्याही कागदावर सही करायचा अधिकार नाही.

भांडण सुरू झालं ते हेलियमवरून.

एनएमआरच्या पोटात एक मोठं चुंबक असतं. त्याची तार अतिवाहक असते. एकदा वीजप्रवाह सोडला की तो वर्षानुवर्षं आपला आपण फिरत राहतो, वरून वीज द्यावी लागत नाही. अट एकच, ती तार उणे २६९ अंशांवर राहिली पाहिजे, म्हणजे सतत द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली. त्याच्याभोवती द्रवरूप नायट्रोजनचं कवच, उणे १९६ अंशांचं. नायट्रोजन साधारण आठवड्याला भरायचा, हेलियम काही महिन्यांनी. नायट्रोजनचं काही वाटत नाही, गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी येणाऱ्या डॉक्टरकडेही त्याचं भांडं असतं. हेलियमचं तसं नाही. आपल्याला लागणारा जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून येतो, आणि जगात तो मुख्यतः अमेरिका आणि कतार इथे निघतो. २०१७ च्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी कतारची नाकेबंदी केली, तिथले हेलियमचे कारखाने थांबले आणि जगभरच्या प्रयोगशाळांच्या पोटात गोळा आला.

आमची नाकेबंदी घरचीच होती. यंत्रांच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात धरलेली रक्कम पाहून मला आधी वाटलं, एक शून्य छापायचं राहिलंय. हेलियमची फाइल निघाली. तीन दरपत्रकं हवीत असा शेरा आला. पुरवठादार त्या भागात एकच होता, तसं लिहून दिलं. मग ‘एकच पुरवठादार असल्याचा दाखला जोडावा’ असा शेरा आला. दाखला कुणी द्यायचा? त्याच पुरवठादाराने. तोही जोडला, तेव्हा आर्थिक वर्ष संपत आलं होतं, आणि शेवटचा शेरा होता, ‘सुधारित अंदाजपत्रकात पाहावे.’

एका शनिवारी दुपारी चुंबक गेलं. याला क्वेंच म्हणतात. हेलियमची पातळी उतरली की तार अतिवाहक राहत नाही, इतकी वर्षं फिरत असलेल्या प्रवाहाची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते आणि उरलासुरला हेलियम उकळतो. एक लिटर द्रवाचा साधारण साडेसातशे लिटर वायू होतो. छतावरच्या नळीतून पांढरा लोट निघाला. विभागातले परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते बादली घेऊन धावत आले. ‘मॅडम, आग?’

‘नाही मामा, उलटं आहे. थंडी निघून चाललीय.’

मामांनी बादली खाली ठेवली आणि आम्ही दोघं तो लोट संपेपर्यंत बघत उभे राहिलो.

विद्यापीठाचा अर्थसंकल्प कुठे मंजूर होतो हे मला त्यानंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. सिनेटमध्ये. मार्चमध्ये एक बैठक होते, तिथे तो मांडला जातो आणि संमत होतो. मग मी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा वाचायला घेतला. कायदा २०१६ चा, लागू झाला १ मार्च २०१७ पासून. शोधनिबंध वाचावा तसा हातात पेन्सिल घेऊन वाचला. सिनेटचे अध्यक्ष कुलपती, म्हणजे राज्यपाल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा खुर्चीवर कुलगुरू असतात. प्राचार्य, संस्थाचालक, अध्यापक यांचे निवडून आलेले प्रतिनिधी, आणखी बरेच पदसिद्ध आणि नामनिर्देशित लोक. आणि दहा नोंदणीकृत पदवीधर. त्या दहांतल्या पाच जागा खुल्या, उरलेल्या पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला अशा एकेक. सिनेटमधून आठ जण पुढे व्यवस्थापन परिषदेवर जातात. विद्यापीठाचा खरा कारभार ती परिषद चालवते. पदवीधरांमधून तिथे दोघं पोचतात.

पदवीधर तर मी होतेच. म्हटलं, उभं राहावं.

घरी कुणी विरोध केला नाही, फक्त बहीण म्हणाली, ‘तुला साधी सोसायटीची मीटिंग झेपत नाही.’ माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने उत्साहाने मेघनाद साहांचं नाव काढलं. साहा १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत कलकत्त्यातून अपक्ष उभे राहिले आणि जिंकले, हे खरंच आहे. तारे किती तापलेत हे सांगणारं समीकरण मांडणारा माणूस लोकसभेत नद्यांच्या पुरांवर बोलला. पण साहा म्हणजे साहा. आपल्याकडचं उदाहरण हवं तर रँग्लर परांजपे. केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, फर्ग्युसनचे प्राचार्य, मुंबई विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात बसले आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. मला मात्र या सगळ्यांत न्यूटन जवळचा वाटला. तो केंब्रिज विद्यापीठाच्या जागेवरून १६८९ मध्ये आणि पुन्हा १७०१ मध्ये संसदेवर गेला होता. मतदार म्हणजे विद्यापीठाचे पदवीधरच. १७०५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. महिनाभर आधीच राणीने त्याला ‘सर’ केलं होतं. चार उमेदवार होते. सर आयझॅक न्यूटन चौथे आले, मतं ११७.

ही गोष्ट मी तेव्हा केवळ गंमत म्हणून लक्षात ठेवली होती.

अर्ज भरला तेव्हा कळलं की निवडणूक जवळजवळ होऊन गेली आहे. पदवी मिळाली म्हणून कुणाला मत मिळत नाही, पदवीधर म्हणून नाव नोंदवावं लागतं. फॉर्म भरायचा, पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडायची, पत्त्याचा पुरावा द्यायचा. एवढे सोपस्कार आपणहून करणारा पदवीधर मला अजून भेटायचाय. ज्यांना निवडणूक लढवायची असते ते वर्षभर आधी कामाला लागतात, गावोगाव फॉर्म पोचवतात, भरून घेतात आणि गठ्ठ्याने जमा करतात. ज्याचा गठ्ठा, त्याची मतं. मी उभं राहायचं ठरवलं तेव्हा नोंदणीची मुदत उलटून गेली होती. पेरण्या आटोपल्यावर बियाणं आणायला निघाले होते मी. माझ्या ओळखीतल्या बहुतेक शास्त्रज्ञांची नावं यादीत नव्हती. माझं स्वतःचं होतं, तेही मामांच्या पुतण्याने कुणासाठी तरी गोळा केलेल्या गठ्ठ्यात चुकून गेलेलं.

‘मॅडम, पॅनेल कुठलं?’

‘पॅनेल नाही.’

‘अपक्ष? मग मागं कोण आहे?’

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी खरोखर मागे वळून पाहिलं.

याची चीड येऊन उपयोग नव्हता. विद्यापीठाच्या निवडणुका राजकीय झाल्या म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. मुंबई विद्यापीठाची पदवीधरांची निवडणूक २०२३ मध्ये ठरली, स्थगित झाली, पुढच्या वर्षी ऐन तोंडावर पुन्हा स्थगित झाली आणि शेवटी उच्च न्यायालयाने सांगितल्यावर २४ सप्टेंबर २०२४ ला झाली. दहाच्या दहा जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या. ज्यांनी नावं नोंदवली, मतदार बाहेर काढले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, ते जिंकले. शास्त्रज्ञ काय करत होते? माझ्यासारखे शेरे वाचत होते.

माझी एक विद्यार्थिनी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, मॅडम, इथे तर अख्खं राज्य मत देतं. मिशिगन विद्यापीठाचे आठ रीजंट्स, म्हणजे विश्वस्त, असतात. मुदत आठ वर्षांची, दर दोन वर्षांनी दोन जागा, पगार नाही. उमेदवार पक्षांच्या अधिवेशनात ठरतात आणि सार्वत्रिक निवडणुकीच्या त्याच मतपत्रिकेवर, खूप खाली, रीजंट्सची नावं येतात. ‘तिथपर्यंत येईस्तोवर लोकांचा हात दुखायला लागतो,’ ती म्हणाली. ‘मग पक्ष बघून खूण करतात.’ शेतकरी, कार कारखान्यातला कामगार, डॉक्टर, सगळ्यांनी मिळून विद्यापीठाचे विश्वस्त निवडायचे, ही कल्पना मला फार आवडली. निदान तिथे नोंदणीचा गठ्ठा नाही.

पत्रक लिहायला बसले तेव्हा माझी खरी लायकी उघडी पडली. पहिल्या मसुद्यात तीन मुद्दे होते आणि तिसऱ्यापुढे मी लिहिलं होतं, ‘हे सिनेटच्या अधिकारात येतं का, याबद्दल कायद्याच्या वाचनावरून खात्री देता येत नाही.’ माझा प्रचार सांभाळणाऱ्या मित्राने ती ओळ खोडली. मी ती परत घातली. त्याने पुन्हा खोडली. मग त्याला एक युक्ती सुचली. ‘तुझा मुद्दा हेलियम आहे ना? मग वर मोठ्या अक्षरात टाकू, हेलियमचा शोध महाराष्ट्रात लागला, विजयदुर्गावर!’

इथे मी अडले. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत, तिथूनच लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने हेलियम शोधला असं सांगतात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो, शाळांच्या सहली जातात. मला ते सगळं आवडतं. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन होता गुंटूरला. लॉकियरने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमध्ये बसून आणि तोही ग्रहणाशिवाय. सोडियमच्या जोडरेषांशेजारची ती पिवळी रेषा कुठल्याच ठाऊक मूलद्रव्याची नव्हती, म्हणून हेलियम हे नाव आलं. लॉकियर विजयदुर्गाला आला जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम सापडून तीन वर्षं झाली होती.

‘अगं, एवढं कोण तपासणार?’ मित्र म्हणाला.

‘मी.’

पत्रकावर विजयदुर्ग आलं नाही. मित्र पुढचे चार दिवस फोन उचलत नव्हता. आजही त्याचं म्हणणं असतं की दोनेकशे मतं तरी त्या ओट्यांवर सांडली.

प्रचार मी स्कूटीवर आणि एसटीने केला. सगळ्यात जास्त शिकले ते एका तालुक्याच्या गावी, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. पत्र्याचं छप्पर, एका टेबलावर चार जण, पंख्याखालच्या जागेचं भाडं वेगळं. मी चुंबक, हेलियम, देखभालीचा खर्च असं सगळं सांगितलं. मुलांनी शांतपणे ऐकलं. मग एक जण म्हणाला, ‘मॅडम, माझ्या गुणपत्रिकेत आईचं नाव चुकलंय. चार महिने झाले. दोनदा विद्यापीठात जाऊन आलो, दोन्ही वेळा एसटीचे पैसे गेले. त्याच्यावर काही करता येईल का?’

मला उत्तर देता आलं नाही. मी त्या विभागात आठवड्यातून तीन दिवस जात होते. परीक्षा विभागाची खिडकी आमच्या इमारतीसमोरच आहे. तिथली रांग मी रोज बघायची, नायट्रोजनचं भांडं वर न्यायला लिफ्ट रिकामी आहे का हे बघताना जितकं लक्ष देतो तितकंच. विद्यापीठाचा मतदार कोण आणि त्याचं काय अडलंय, याचा विचार न करता मी विद्यापीठ सुधारायला निघाले होते. परतीच्या एसटीत मी पत्रकाच्या मागे पेनाने ‘गुणपत्रिका दुरुस्ती’ असं लिहिलं. छापायला पैसे उरले नव्हते, म्हणून पुढच्या सगळ्या पत्रकांवर ते हातानेच लिहिलं.

आता पसंतीचं गणित. मतपत्रिकेवर खूण करायची नसते, आकडे घालायचे असतात. १, मग हवं तर २, ३. निवडून यायला कोटा लागतो. वैध मतांना जागा अधिक एक या संख्येने भागायचं आणि भागाकारात एक मिळवायचा. समजा १२,००० वैध मतं आहेत आणि जागा ५, तर कोटा २,००१. कोटा ओलांडणाऱ्याची जादा मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे जातात. मग तळाचा उमेदवार बाद होतो, त्याचे कागद पुढच्या पसंतीकडे जातात, असं करत करत जागा भरतात. पद्धत सुंदर आहे, कागदावर पाहिली तेव्हा मी हरखूनच गेले. कुणाचं मत वाया जाऊ नये म्हणून किती विचार केलाय! भाचा, वकील, पतसंस्था, सगळ्यांच्या दुसऱ्या पसंत्या मी मनात जमा करत होते आणि बेरीज छान येत होती.

मोजणी सकाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. मोठा हॉल, टेबलं, प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा लाकडी खण. आधी बाद मतं निघाली. पदवीधरांची निवडणूक, आणि कुणी बरोबरची खूण केलेली, कुणी दोघांपुढे १ लिहिलेला, एकाने माझ्या नावापुढे ‘शुभेच्छा’ असं लिहिलं होतं. तेही बाद.

मग मला ते दिसलं. पॅनेलच्या उमेदवारांच्या खणात गठ्ठे पडत होते आणि मोजणारे कागद उलटत असताना माझं नाव दर चौथ्या-पाचव्या कागदावर दिसायचं. पुढे २. पुन्हा २. भाच्याने खोटं सांगितलं नव्हतं, कुणीच खोटं सांगितलं नव्हतं. पण तो कागद ज्याच्या खणात पडला त्याचं काम संपल्याशिवाय माझ्यापर्यंत येणारच नव्हता, आणि पॅनेलवाले कच्च्या गुरूचे चेले नव्हते. कुठल्या तालुक्याने पहिली पसंती कुणाला द्यायची हे त्यांनी आधीच वाटून दिलं होतं. सगळे कोट्याच्या आसपास. जे पार झाले ते थोडक्यात पार झाले, जादा मतं जेमतेम. ती हजारांच्या गठ्ठ्यावर वाटली जाताना प्रत्येक कागदाच्या वाट्याला फुटकळ अंश आला, आणि माझ्या पहिल्या पसंतीच्या १८७ मतांत साडेतीनच्या आसपास भर पडली. अपूर्णांकात मतं मिळवणारी आमच्या घराण्यातली मीच पहिली. नवव्या फेरीत मी बाद झाले.

न्यूटनपेक्षा सत्तर जास्त, हे मी बहिणीला लगेच मेसेज करून कळवलं.

मला बाद केल्यावर अधिकाऱ्यांनी माझ्या खणातले कागद काढून पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायला घेतले. बरेचसे कुठे ना कुठे गेले. काही बाजूला पडले, कारण त्यांच्यावर नुसता १ होता, पुढे कोरं. असा कागद तिथेच संपतो. त्या संपलेल्या गठ्ठ्यात माझाही कागद होता. दोन महिने मी दुसऱ्या पसंत्या मोजत फिरले, आणि स्वतः मतपेटीपाशी उभी राहिले तेव्हा यादीतली बाकीची नावं वाचली, कुणीच पटेना, १ लिहिला आणि घडी घातली. एक उमेदवार होता, तरुण, पॅनेलचा, पण त्याने मला एकदा थांबवून विचारलं होतं, ‘मॅडम, हेलियम नक्की किती लिटर लागतो?’ त्याच्यापुढे २ लिहिता आला असता. मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी बहुधा लिहिला नसता.

तो निवडून आला, माझ्या २ शिवाय. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. ‘मॅडम, बैठकीसाठी प्रश्न आधी लेखी द्यावे लागतात. तुमच्या त्या मशीनचा प्रश्न मी टाकतो, पण तेवढा लिहून द्या. शब्द तुमचे, सही माझी.’

मी लिहून दिला. पाच ओळींचा होता, एकही विशेषण नव्हतं. खाली दुसरा प्रश्न जोडला, गुणपत्रिका दुरुस्तीचा, सरासरी किती दिवस लागतात असा. बैठकीनंतर त्याने छापील उत्तरांचा फोटो पाठवला. पहिल्याचं उत्तर, ‘बाब विचाराधीन आहे.’ दुसऱ्याचं, ‘अशी माहिती संकलित केली जात नाही.’

‘आता पुरवणी प्रश्न टाकता येतो,’ त्याने खाली लिहिलं होतं. मामांना चहा आणायला पाठवून मी खुर्ची पुढे ओढली. माहिती संकलित का केली जात नाही, ती कोणत्या तारखेपासून केली जाईल, आणि...